श्रोत्याची साक्ष

मराठीत लोकगायकांविषयी जे लेखन होते त्याचे ढोबळ मानाने दोन वर्ग करता येतात. पहिला वर्ग अभ्यासकांचा. त्यात रचनांचे संकलन असते, पाठभेदांची चर्चा असते, चळवळीच्या इतिहासात त्या शाहिराचे स्थान कोणते याचा निर्णय असतो. दुसरा वर्ग चाहत्यांचा. स्मरणिका, गौरवग्रंथ, पुण्यतिथीनिमित्त निघालेले विशेषांक, आणि यांहून कितीतरी अधिक म्हणजे बोलण्याच्या ओघात सांगितल्या जाणाऱ्या आठवणी: अमुक गावच्या जत्रेत आम्ही त्यांना ऐकले, पहाटेपर्यंत माणूस जागचा हलला नाही. पहिल्या वर्गातील लेखन संदर्भग्रंथांच्या यादीत जाते. दुसऱ्याची बोळवण ‘भाबडे स्मरणरंजन’ या दोन शब्दांत होते. ही बोळवण अन्यायाची तर आहेच, पण आमच्या मते ती समीक्षेचे नुकसान करणारी आहे. लोकगायकाच्या कलेचा अर्धा भाग श्रोत्यांच्या बाजूला घडतो आणि त्या अर्ध्या भागाची साक्ष श्रोत्यांखेरीज कोणापाशी नसते. ती साक्ष घ्यावी कशी, हा खरा प्रश्न आहे, आणि तो आपल्या साहित्यविचाराने आजवर मनावर घेतलेला नाही.

यास चाहत्यांचे बोलणेही काही अंशी कारणीभूत आहे, हे मान्य केले पाहिजे. ‘अंगावर काटा आला’, ‘टाचणी पडली तरी ऐकू आली असती’, ‘माईक बंद पडला तरी शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचला’, ‘असा गायक पुन्हा होणे नाही’. गायकाचे नाव बदलले, गावाचे नाव बदलले, तरी वाक्ये बदलत नाहीत. अशा दहा आठवणी वाचल्यावर अकरावी वाचण्याची इच्छा उरत नाही. परंतु थोडा विचार केला तर ध्यानात येते की दोष आठवणीपेक्षा प्रश्नाकडे अधिक जातो. ‘ते कसे गात?’ असे विचारले की उत्तरात विशेषणेच येणार. गाण्याचे वर्णन करणे जाणकारालाही अवघड जाते, मग रसिकाने काय करावे? त्याऐवजी ‘तुम्ही कसे ऐकलेत?’ असे विचारावे. मग उत्तरात वाटा येतात, सोबतीची माणसे येतात, दुसऱ्या दिवसाची पाळी येते, घरच्यांचा राग येतो, पोलिसांची भीती येते. चाहत्याची आठवण ही गायकाविषयीचा पुरावा म्हणून बहुधा कच्ची असते. ऐकण्याविषयीचा पुरावा म्हणून मात्र ती मोलाची ठरते. ऐकण्यासाठी श्रोत्याला काय मोजावे लागले, हे तिच्यातून कळते. आणि गाण्याचे मोल ठरवण्याचा याहून चांगला मार्ग निदान आम्हांला ठाऊक नाही.

अशा साक्षीचा मराठीतील एक अस्सल नमुना सतराव्या शतकातील आहे. संत बहिणाबाईंचे (१६२८–१७००) आत्मचरित्रपर अभंग आपण स्त्रीच्या आत्मनिवेदनाचा आरंभ म्हणून शिकतो आणि शिकवतो. ते तसे आहेतच. पण ते एका श्रोत्रीचे निवेदन आहे, या बाजूने त्यांच्याकडे क्वचितच पाहिले जाते. देवगावाहून निघालेले कुटुंब फिरत फिरत कोल्हापुरास येते. तेथे जयरामस्वामींचे कीर्तन चालू असते आणि त्या कीर्तनात तुकोबांची पदे गायली जातात. म्हणजे तुकोबा प्रत्यक्ष दृष्टीस पडण्याच्या पुष्कळ आधी त्यांचे शब्द बहिणाबाईंनी दुसऱ्याच्या मुखातून ऐकले. आता या कीर्तनाविषयी त्या सांगतात काय? स्वामींचा आवाज कसा होता, निरूपण कसे रंगले, यापेक्षा त्यांच्या निवेदनात ठसते ते त्यांच्यामागून कीर्तनाला येणारे वासरू. गर्दीत अडचण होते म्हणून ते बाहेर काढले जाते, ते बाहेर हंबरते, स्वामी त्याला आत आणवतात आणि वासराच्या व त्या मुलीच्याही मस्तकावर हात ठेवतात. ही वार्ता पतीच्या कानी जाते आणि घरी त्यांना मार बसतो, बांधून घातले जाते. पुढे तुकोबांचा ध्यास लागतो तेव्हा ब्राह्मणाच्या स्त्रीने शूद्राला गुरू मानावे, या गोष्टीने घरात नवे वादळ उठते.

कीर्तनाचा अहवाल म्हणून हे निवेदन अपुरे आहे. तुकोबांचा शब्द त्या काळी कोणत्या ठिकाणी जाऊन कोणत्या भिंतीला धक्का देत होता, याची साक्ष म्हणून मात्र त्याच्या तोडीचा कागद मिळणे कठीण. गाथेची कितीही चिकित्सक आवृत्ती काढली तरी तिच्यात हा मार उमटणार नाही. तो श्रोत्रीच्या अंगावर उमटला आणि तिने सांगितला म्हणून आपल्याला कळला.

मात्र बहिणाबाईंची साक्ष पडताळून पाहण्यास दुसरे साधन नाही. श्रोत्याच्या आठवणीचा स्वभाव नीट समजून घ्यायचा तर असे उदाहरण हवे, जेथे एकाच कार्यक्रमाच्या अनेक श्रोत्यांच्या आठवणी आहेत आणि त्याच कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रणही आहे. त्यासाठी काही काळ मराठीबाहेर जावे लागेल. बॉब डिलन या अमेरिकन गायकाचे १९६५ आणि १९६६ या दोन वर्षांतील कार्यक्रम हे असे उदाहरण आहे. डिलनला २०१६ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा जगभर वाद झाला तो गीताला साहित्य म्हणावे की नाही, याचा. त्याच्या श्रोत्यांनी त्याच्याशी जो वाद पन्नास वर्षांपूर्वी घातला होता तो अधिक मूलगामी होता, असे आम्हांस वाटते.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात न्यूपोर्ट येथे लोकसंगीताचा महोत्सव भरत असे. १९६३ साली तेथे पीट सीगर, जोन बाएझ आणि इतर गायकांच्या हातात हात घालून तरुण डिलन उभा राहिला आणि नागरी हक्कांच्या चळवळीचा तो आवाज ठरला. एक साधे गिटार, ओठांशी माउथ ऑर्गन, आणि शब्द. दोन वर्षांनी, २५ जुलै १९६५ रोजी, त्याच महोत्सवात तो विद्युत गिटार घेऊन आणि साथीला वाद्यवृंद घेऊन आला. तीन गाणी झाली, हुर्यो उडाली, तो आत गेला. मग साधे गिटार घेऊन परत आला आणि एकट्याने दोन गाणी गाऊन निघून गेला. सारा प्रसंग अर्ध्या तासाच्या आतबाहेरचा. त्यावर आजवर जे बोलले आणि लिहिले गेले त्याने कपाट भरेल.

हुर्यो कशासाठी उडाली? तेथे हजर असलेल्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. लोकसंगीताशी द्रोह झाला म्हणून, असे काही जण सांगतात. ध्वनिव्यवस्था इतकी वाईट होती की वाद्यांच्या गदारोळात शब्दच ऐकू येत नव्हते, म्हणून, असे इतर काही सांगतात. ज्याच्यासाठी दुरून आलो त्याने तीनच गाणी म्हणावीत, याचा तो राग होता, असे तिसरे मत. त्या दिवशी साथीला असलेल्या अल कूपरनेही हेच सांगितले आहे. महोत्सवाच्या संचालकांपैकी एक असलेले ब्रूस जॅक्सन यांनी पुढे मुद्रणे ऐकून असा युक्तिवाद केला की ती हुर्यो डिलनची नव्हतीच. वेळ संपली असे सांगणाऱ्या निवेदकावर लोक चिडले होते. पीट सीगरने कुऱ्हाड घेऊन विजेच्या तारा तोडायला धाव घेतली, अशी एक दंतकथा तर जगप्रसिद्ध आहे. सीगरचे स्वतःचे म्हणणे एवढेच होते की आवाज इतका विकृत येत होता की एकही शब्द कळेना, आणि कुऱ्हाड हाताशी असती तर तार तोडली असती, असे आपण बोललो. ‘असती तर’ हे दोन शब्द गळाले आणि कुऱ्हाड खरी झाली.

येथे घाईचा समीक्षक म्हणेल: पाहा, आठवणींवर विसंबण्यात अर्थ नाही. आम्ही उलट निष्कर्ष काढतो. उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेतील माणसाला मंचावरील वाद्ये कानठळ्या बसवणारी वाटतात आणि गायकाचा आवाज दबलेला. मागच्या माणसाला कर्ण्यांतून येणारे मिश्रण ऐकू येते. दोघांनी एकच कार्यक्रम ऐकलेला नसतो. तेव्हा या विसंगतींमागे प्रत्येक वेळी खोटेपणाच शोधण्याचे कारण नाही. पुष्कळदा त्या उभे राहण्याच्या जागा असतात. जागा मैदानातल्या असतात तशा मतांच्याही असतात. ज्याला द्रोह ऐकायचा होता त्याला द्रोह ऐकू आला. ध्वनिमुद्रण ही अडचण सोडवत नाही. हुर्यो मुद्रित झाली आहे. तिचे कारण मुद्रित झालेले नाही.

पुढच्या वर्षीचा प्रसंग आणखी बोलका आहे. १७ मे १९६६ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर शहरातील फ्री ट्रेड हॉलमध्ये डिलनचा कार्यक्रम झाला. पूर्वार्धात तो एकटा, साधे गिटार घेऊन गायला आणि सभागृह निःशब्द बसून राहिले. उत्तरार्धात वाद्यवृंद आला आणि हेच सभागृह चिडले. गाण्यांच्या मधल्या वेळात लोक टाळ्यांचा संथ ठेका धरून अडथळा आणू लागले. शेवटच्या गाण्याआधीच्या शांततेत एक आवाज उठला: ‘जुडास!’ डिलनने तुझ्यावर माझा विश्वास नाही, तू खोटारडा आहेस, अशा अर्थाचे उत्तर दिले आणि साथीदारांना जोरात वाजवायला सांगून गाणे सुरू केले.

हे सारे ध्वनिफितीवर आहे. पण या फितीचा इतिहास गमतीचा आहे. चोरट्या प्रतींमधून ती वर्षानुवर्षे जगभर फिरली ती लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील कार्यक्रम या चुकीच्या नावाने. १९९८ साली ती अधिकृतपणे प्रकाशित झाली तेव्हाही ते प्रचलित नाव अवतरणचिन्हांत ठेवावे लागले. म्हणजे स्मृती चुकते आणि दस्तऐवज चुकत नाही, ही समजूतही येथे टिकत नाही. फीत कोठली आहे हे पक्के होण्यासाठी तेथे हजर असलेल्यांचे स्मरण उपयोगी पडलेच. सी. पी. ली हे त्या रात्री सभागृहात असलेले एक श्रोते. त्यांनी पुढे इतर श्रोत्यांना शोधून, त्यांना बोलते करून, त्या एका कार्यक्रमावर ‘लाइक द नाइट’ हे पुस्तक लिहिले. ‘जुडास’ असे ओरडणारा मीच, असा दावा नंतर दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी केला. दोघेही आज हयात नाहीत आणि निकाल लागलेला नाही. याच वास्तूतील लहान सभागृहात १९७६ साली सेक्स पिस्टल्स या वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. श्रोते मूठभरच होते, पण ‘मी तेथे होतो’ म्हणणारे इतके निघाले की त्या प्रसंगावरच्या पुस्तकाला ‘शपथेवर सांगतो, मी तेथे होतो’ अशा अर्थाचे नाव दिले गेले. आणि २०२४ साली आलेल्या ‘अ कम्प्लीट अननोन’ या चित्रपटात मँचेस्टरची ती आरोळी न्यूपोर्टच्या मैदानावर उठते. चित्रपटाने जे जाणूनबुजून केले ते माणसाची आठवण नकळत करीत असते: दोन प्रसंग एकावर एक ठेवते आणि त्यांतला अर्थ गडद करते.

मग या साऱ्यातून पक्के हाती काय लागते? कोण ओरडले, हे लागत नाही. पण ‘जुडास’ हा शब्द का सुचला, हे लागते. विश्वासघात होण्यासाठी आधी विश्वास असावा लागतो, अलिखित का होईना पण करार असावा लागतो. तिकीट काढून आलेल्या, पूर्वार्ध मन लावून ऐकलेल्या माणसाला हा गायक आपला गुन्हेगार वाटला. कारण लोकगायक म्हणजे आपल्यातला एक, त्याचे वाद्य कोणालाही घेता येईल असे, त्याचे शब्द स्पष्ट, आणि गाणे सर्वांच्या मालकीचे, अशी समजूत ब्रिटनच्या लोकसंगीत मंडळांत घट्ट रुजली होती. डाव्या चळवळीशी त्या मंडळांचे जवळचे नाते होते; इवान मॅकॉलसारखा तेथील मातब्बर गायक डिलनवर उघड टीका करीत होता. हा करार कोठेही लिहिलेला नव्हता. तो मोडला गेला त्या रात्री श्रोत्यांच्या तोंडून तो प्रथम ऐकू आला. डिलनच्या गीतांची सर्व पुस्तके समोर ठेवली तरी त्यांतून हा करार वाचता येणार नाही. हुर्यो उडवणारा श्रोता हा येथे साहित्यविचाराचा साक्षीदार आहे, आणि जयजयकार करणाऱ्यापेक्षा तो अधिक सांगतो.

आठवणीविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, ती मौखिक परंपरेच्या अभ्यासातून आलेली आहे. मिलमन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांनी १९३०च्या दशकात युगोस्लाव्हियातील वीरगाथा गाणाऱ्यांचे मुद्रण केले. लॉर्ड यांचा ‘द सिंगर ऑफ टेल्स’ हा ग्रंथ १९६० साली आला आणि आज तो लोकसाहित्याच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. एकदा ऐकलेली गाथा आपण शब्दाला शब्द तशीच म्हणतो, असे तेथील गायक छातीठोकपणे सांगत. मुद्रणे ताडून पाहिली तर शब्द निराळे असत. लॉर्ड यांनी त्यांना खोटे ठरवले नाही. ‘तीच’ या शब्दाचा त्यांचा अर्थ आपल्या छापील अर्थाहून वेगळा आहे, हे ओळखले. हाच न्याय श्रोत्यालाही लावावा. ‘तेच गाणे त्यांनी आमच्या गावात म्हटले होते’ असे वृद्ध श्रोता सांगतो आणि आपण छापील संहिता काढून त्याची चूक दाखवतो, तेव्हा आपण त्याला वाचकाच्या कसोटीवर घासत असतो. त्याला चुकीची ओळ का आठवली, हा खरा अभ्यासविषय होय. विसरलेल्या ओळीपेक्षा बदललेली ओळ नेहमीच अधिक बोलते.

आता पुन्हा आपल्याकडे येऊ. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले. मुंबईच्या गिरणगावात आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात या मंडळींनी जे रान उठवले ते सर्वश्रुत आहे. अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड आपण वर्गात शिकवतो तेव्हा सांगतो की गावी राहिलेली मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला मराठी मुलूख. हा अर्थ बरोबर आहे. पण ही छक्कड ऐकायला गिरणगावात जो बसला होता त्या कामगाराची बायको खरोखरीच गावी होती. कोकणात किंवा घाटावर कुटुंब ठेवून, खोलीत दहा-वीस जणांबरोबर राहून, खाणावळीत जेवून तो पाळ्या करीत होता. त्याने आधी काय ऐकले? स्वतःची ताटातूट, की प्रांताची? हसू कोणत्या कडव्यापाशी थांबले? रूपक त्याला कळले की रूपकाची त्याला गरजच पडली नाही? संहितेत याचे उत्तर नाही, आणि शाहिराच्या चरित्रातही नाही. ते त्या श्रोत्यापाशी होते. १९५६ साली जो पंधरा वर्षांचा होता तो आज ऐंशी ओलांडून गेला आहे. त्याच्याहून मोठे बहुतेक जण आता नाहीत.

आंबेडकरी जलशांच्या आणि भीमगीतांच्या परंपरेत हा प्रश्न आणखी तीव्र होतो. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गाणी त्यांच्या स्वतःच्या तोंडून ऐकलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक लोकांनी ती वस्तीतल्या गायन पार्टीच्या तोंडून ऐकली. बहिणाबाईंनी तुकोबांना प्रथम ऐकले तशीच. हाताने उतरवलेल्या वह्यांतून ती घरोघर गेली. येथे मूळ पाठ कोणता, हा प्रश्न जितका महत्त्वाचा आहे तितकाच ती वही कोणी, कोणाकडून, कशासाठी उतरवली, हाही आहे. श्रोत्यांत कोण बसत असे, हेही विचारले पाहिजे. तमाशाच्या फडात स्त्री मंचावर असे, समोरच्या गर्दीत ती जवळजवळ नसे. भीमजयंतीच्या कार्यक्रमाला मात्र बायकामुलांसह सारी वस्ती येऊन बसते. ऐकणारा समुदाय बदलला की गाण्याची भाषा बदलते, चेष्टेची मर्यादा बदलते, संबोधन बदलते. लोककलेच्या इतिहासातील हा मोठा बदल आपण बहुतेक वेळा गायकांच्या बाजूने लिहिला आहे. समोर बसलेल्या स्त्रीने तो कसा अनुभवला, याची नोंद फारच थोडी आहे.

विठ्ठल उमप यांचे ‘जांभूळ आख्यान’ हे दुसरे उदाहरण. द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी जागलेला अभिलाष ही त्या आख्यानाची कथा. गोंधळाच्या अंगाने ते सादर होई, आणि उतारवयातही उमप त्यात अनेक पात्रे उभी करीत, द्रौपदीसुद्धा. ज्यांनी ते पाहिले ते आजही त्यांच्या ऊर्जेविषयी भरभरून बोलतात. परंतु पाच पतींची पत्नी सहाव्याचे नाव मनात आणते, हे भर सभेत कबूल होते, तेव्हा समोरच्या पुरुषांनी काय केले आणि स्त्रियांनी काय केले? एकमेकांकडे पाहिले, की पाहणे टाळले? घरी परतताना त्यावर बोलणे झाले का? हे विचारल्यावाचून त्या आख्यानाची समीक्षा पुरी होत नाही. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रमाच्या मंचावरच उमप यांचे निधन झाले. असा शेवट श्रोत्यांच्या साऱ्या आधीच्या आठवणींना एका रंगात बुडवतो. आधीचे हसणे, आधीचा अवघडलेपणा त्या अखेरच्या प्रसंगाखाली दबून जातो. साक्ष घेणाऱ्याने हे ओळखून त्याखालचे थर उकलायचे असतात.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला व्यक्तिपूजेचा. आधीच आपल्याकडे प्रत्येक कलावंताचा पुतळा होतो; चाहत्यांना बोलू दिले तर ओवाळणीच होईल. हा धोका खरा आहे. पण ‘तुम्ही कसे ऐकलेत?’ हा प्रश्न गायकावरून प्रकाश काढून श्रोत्यावर टाकतो, आणि ओवाळणीला जागा कमी ठेवतो. शिवाय ज्यांना कार्यक्रम आवडला नाही, जे मधूनच उठून गेले, ज्यांना तेथे बसू दिले गेले नाही, त्यांनाही साक्षीदार मानावे लागते. मँचेस्टरचा अनुभव हेच सांगतो.

दुसरा आक्षेप असा की आता सारे मुद्रित होते, मग स्मरणाची मातब्बरी काय? मुद्रण हवेच. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या माहितीपटाचे उदाहरण घ्यावे. १९९७च्या रमाबाई नगरातील गोळीबारानंतर शाहीर विलास घोगरे यांनी केलेल्या आत्महत्येपासून तो सुरू होतो आणि पुढील चौदा वर्षांचा काळ टिपतो. त्यात कॅमेरा गाणाऱ्यावर असतो तसा ऐकणाऱ्यांवरही वळतो, त्यांना बोलते करतो. म्हणून तो लोकगायनाच्या अभ्यासकाला इतका उपयोगी आहे. एरवीच्या मुद्रणांत समोरचा समुदाय अंधारात असतो. कॅसेटने तर आणखी एक घोटाळा केला. १९८०नंतर कॅसेटवर शंभरदा ऐकलेले गाणे माणूस प्रत्यक्ष ऐकलेल्या रात्रीच्या जागी नकळत बसवतो. तेव्हा साक्ष घेताना प्रत्यक्ष ऐकलेले, नंतर कॅसेटवर ऐकलेले आणि इतरांकडून कानी आलेले, असे तीन धागे सोडवून घेण्याची शिस्त पाळावी लागते. इतिहासाच्या अभ्यासकांना ही शिस्त नवी नाही. साहित्याच्या विभागांनी ती उसनी घ्यायला हरकत नसावी.

यासाठी मोठ्या प्रकल्पाची किंवा निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. पदव्युत्तर वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरात, गल्लीत किंवा गावात एखाद्या शाहिराला, भेदिकाच्या फडाला, भारुडाला, जलशाला ऐकलेले माणूस आहे. ते ‘मैफल’ हा शब्द वापरणार नाही. ‘गाण्याचा प्रोग्राम’ म्हणेल. तोच शब्द लिहून घ्यावा. कार्यक्रमाला कसे गेलात, कोणाबरोबर, कोणाला न सांगता. कोठे बसलात आणि पुढे कोण बसले होते. कोणते गाणे पुन्हा म्हणायला लावले. कशाचा राग आला. परतताना काय बोलणे झाले. दुसऱ्या दिवशी काय केले. एवढे प्रश्न पुरेत. दोघांच्या सांगण्यात विरोध आला तर तो मिटवू नये, दोन्ही ठेवावेत. ओळ चुकीची आठवली तर सुधारू नये, शेजारी छापील ओळ लिहावी. विशेषणे आली तर येऊ द्यावीत आणि शांतपणे पुढचा प्रश्न विचारावा. अशा पंचवीस साक्षी एका महाविद्यालयाने एका वर्षात जमवल्या तरी लोकगायनाविषयी आज आपण जे अंदाजाने शिकवतो त्यातले काही ज्ञानाच्या आधारे शिकवता येईल.

पहाटेपर्यंत माणूस जागचा हलला नाही, हे आपण पुष्कळ स्मरणिकांत लिहून ठेवले आहे. तो सकाळच्या पाळीला गेला की नाही, आणि गेला नसेल तर त्या दिवसाची मजुरी त्याने कोणत्या गाण्यासाठी सोडली, हे विचारायचे राहून गेले. ज्यांना अजून विचारता येईल अशी माणसे थोडी उरली आहेत. अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे या वर्षीच जावे, अशी आमची विनंती आहे.